आपल्या वावराचा व्हिडिओ, आपल्याच माणसांसाठी



कपाशीच्या फुलात अळी दिसली, संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, तुरीचा शेंडा केव्हा खुडायचा ते आठवेना, की आज आपण काय करतो? पूर्वी शेजारच्या वावरातल्या जाणत्या माणसाला धुऱ्यावरून हाक मारीत होतो. आता घरातला मुलगा नाहीतर सून मोबाईल काढते, दोन शब्द बोलते, आणि क्षणात दहा व्हिडिओ समोर उभे राहतात. त्यांत कोणी पंजाबातला असतो, कोणी नाशिककडचा, कोणी औषधाच्या दुकानात बसून बोलत असतो. या दहांपैकी कोणाचे ऐकावे हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर पेरणारा आपल्यासारखाच कास्तकार त्या दहांत का नसतो?

खारपाण पट्ट्यातल्या माणसाला बागाईतदाराचा व्हिडिओ पाहून काय उपयोग? पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचे पाणी खारे, जमीन चिबड, पावसाचा खंड पडला की भेगा हातभर. तेथे ठिबकाखालच्या कपाशीचे कौतुक ऐकून मन तेवढे खट्टू होते. त्या पट्ट्यात ज्याने हरभरा साधला, त्याने आपल्या वावरात उभे राहून पाच मिनिटे बोलावे. ते पाच मिनिटे त्या भागाला लाखमोलाचे आहेत. ते कसे बोलावे, कसे टिपावे आणि कोणाला द्यावे, हे आज सांगावयाचे आहे.

पाहून शिकण्याची आपली जुनी रीत

ही गोष्ट नवी नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख हे आपल्याच पापळ गावचे. देशाचे कृषिमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याला नुसते सांगून भागत नाही, त्याला दाखवावे लागते, या विचाराचा तो मोठा प्रयोग होता. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले, त्याला त्यांचे नाव आहे. तेथली शिवार फेरी आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. माणसे वाण पाहतात, बोंड हातात घेतात, मातीला पाय लावतात, आणि मग प्रश्न विचारतात. पाहिल्याशिवाय प्रश्नच सुचत नाही.

त्याच्याही आधीची एक हकीकत आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत रेडिओ श्रोते मंडळांचा प्रयोग केला. युनेस्कोची त्याला मदत होती. सुमारे दीडशे गावांत मंडळे निघाली. आठवड्यातून दोनदा माणसे एकत्र बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर आपसांत बोलत आणि शंका लिहून केंद्राला पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे येत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा त्या कार्यक्रमाचा मंत्र होता. या प्रयोगाची रीतसर तपासणी झाली तेव्हा असे आढळले की ज्या गावांत मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात पुष्कळ भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारच थोडी पडली. रेडिओ दोन्हीकडे तोच. फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्या कामाची आहे.

मग २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, प्रथम दिल्लीभोवतीच्या ८० गावांसाठी. १९७५-७६ साली उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेतीचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे आपल्या भाषेत ‘आमची माती आमची माणसं’ आले, आणि ते कितीतरी घरांत आवडीने पाहिले गेले. परंतु या सगळ्यांत कॅमेरा होता तो केंद्राच्या माणसाच्या हातात. आपण समोर बसणारे. आता प्रथमच कॅमेरा आपल्या खिशात आला आहे.

“हा कोण्या गावचा?”

कॅमेरा शेतकऱ्याच्या बाजूला आला की काय होते याचा एक चांगला प्रयोग कर्नाटकात झाला. ‘डिजिटल ग्रीन’ असे त्याचे नाव. २००६ साली बंगलोरला एका संगणक कंपनीच्या संशोधन विभागात त्याची सुरुवात झाली. पुढे तिची वेगळी संस्था झाली. त्यांनी गावच्याच शेतकऱ्यांचे, त्यांच्याच वावरात, त्यांच्याच बोलीत छोटे व्हिडिओ केले, आणि संध्याकाळी गावच्याच दहा-वीस माणसांना एकत्र बसवून दाखवले. दाखवणारा मधेच थांबवी, विचारी, आठवडाभराने पुन्हा येऊन कोणी काय केले ते वहीत टिपून घेई. १६ गावांत १३ महिने असे चालले. नुसत्या भेटी देऊन सल्ला सांगण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा या रीतीने कितीतरी पट अधिक शेतकऱ्यांनी सुधारणा प्रत्यक्षात आणली, आणि दर शेतकऱ्यामागे खर्चही बराच कमी आला.

त्या मंडळींच्या अनुभवातली एक गोष्ट फार बोलकी आहे. व्हिडिओ पाहताना शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न पद्धतीविषयी नसे. हा माणूस कोण, कोण्या गावचा, हेच ते आधी विचारीत. आपल्याकडेही तसेच नाही का? धामणगावचा माणूस बोलत असला तर धामणगावकडची माणसे कान देऊन ऐकतील. तो सुटाबुटातला असला तर ‘याले काय माहीत’ म्हणून पुढे सरकवतील. माणूस ओळखीचा असला की चूकही विचारता येते. त्याच्या वावरात जाऊन पाहताही येते.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २०१६ साली पानी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कप ही स्पर्धा सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी तीनच तालुके निवडले होते. सातारा जिल्ह्यातला कोरेगाव, बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई आणि आपला वरुड. ११६ गावे उतरली. गावच्या निवडक माणसांना पाणलोटाचे शिक्षण मिळाले, त्यात चित्रफितींचा मोठा वाटा होता. समतल रेषा म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून किती जणांना समजले असते? तीन लाकडांची ‘अ’च्या आकाराची चौकट, वरून सुतळीला बांधलेला दगड. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आडव्या काठीवर सुतळी कोठे येते ती खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोहोंच्या मधली ती खरी. उताराला आडवे चालत जाऊन सुतळी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आले असे समजायचे आणि तेथे चुन्याची टिकली टाकायची. मला हे लिहिताना एवढे शब्द लागले, आणि तरी वाचणाऱ्याला दोनदा वाचावे लागेल. व्हिडिओत दोन मिनिटांत दिसते, न शिकलेल्या माणसालाही दिसते. याच संस्थेने २०२२ पासून फार्मर कप घेतला, तेव्हा कृषी विद्यापीठांतील शास्त्रज्ञ मोबाईलवरच्या डिजिटल शेतीशाळेत थेट शेतकऱ्यांच्या गटांशी बोलू लागले.

कशाचा व्हिडिओ करावा

सगळ्याच गोष्टींचा व्हिडिओ करण्याची गरज नाही. खताची मात्रा, औषधाचे प्रमाण, तारखा हे कागदावर चांगले. विद्यापीठाची ‘कृषी संवादिनी’ त्यासाठी आहे. जे हाताने करायचे, डोळ्याने ओळखायचे, त्याचाच व्हिडिओ करावा.

कपाशीतली गळफांदी घ्या. परभणीकडच्या दादा लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ही फांदी वेळीच काढून टाकतात. पण गळफांदी कोणती आणि फळफांदी कोणती, यातच नवखा माणूस फसतो. गळफांदी झाडाच्या खालच्या भागातून निघते, सरळ वर जाते, तिच्यावर थेट पाती लागत नाही. फळफांदी आडवी जाते, वाकडी-तिकडी, आणि तिच्या प्रत्येक पेरावर पाती. मजुराने उलटे कापले तर उभे पीक गेले. एक झाड, एक कात्री आणि जवळून धरलेला मोबाईल असला की ही चूक गावभर टळते.

गुलाबी बोंडअळीचेही तसेच. २०१७ साली तिने वऱ्हाडात कपाशीचे काय केले ते विसरणारा कोणी नसेल. बोंड बाहेरून हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. अळी आत शिरल्यावर वरून फवारून हाती काही लागत नाही. म्हणून डोमकळी ओळखता आली पाहिजे. गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले ते फूल एकदा उघडून आतली अळी दाखवा. एकरी वीस हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून ती कशी फोडून पाहायची ते दाखवा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा अधिक पतंग आले तर उपायाची वेळ आली, हे मोजताना दाखवा.

वरुड-मोर्शी-अचलपूरच्या संत्रावाल्यांनी बोर्डो मिश्रणाचा व्हिडिओ अवश्य करावा. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे सर्वांना पाठ असते. चुकते ते करण्यात. लोखंडी भांडे घेतात. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात भिजवून दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचे, ओतताना काठीने ढवळत राहायचे. झाल्यावर लोखंडी विळा त्यात बुडवून पाहायचा. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. तो तांबडा विळा एकदा पाहिलेला माणूस जन्मभर विसरत नाही. बुंध्याला लावायचे मलम असले तर पाणी फक्त १० लिटर.

आणि घरच्या बायकांना विसरू नका. सोयाबीनचे बियाणे निवडणे, राखणे, उगवण पाहणे हे काम बहुतेक घरांत त्याच करतात, पण मोबाईलवरच्या शेतीच्या व्हिडिओत बाई दिसते ती फार तर निंदताना, पाठमोरी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे, पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक निघाले तर बियाणे पेरायला योग्य. हा व्हिडिओ माउलीने आपल्या ओसरीवर बसून करावा. दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या गळ्यातल्या पोतीवर येतो हे तिला अधिक ठाऊक आहे.

आता टिपायचे कसे

यात फार विद्या नाही. मोबाईल आडवा धरा. भिंग धोतराच्या किंवा पदराच्या टोकाने पुसून घ्या, निम्मे व्हिडिओ तेथेच धूसर होतात. सूर्य टिपणाऱ्याच्या पाठीशी असावा. सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी चारनंतर ऊन मऊ असते, रंग खरे येतात. वारा फार असेल तर बोलणारा तोंडापाशी येऊन बोलू द्या, नाहीतर घों-घोंशिवाय काही ऐकू यायचे नाही. अळी, किडा, डाग दाखवताना शेजारी काडेपेटीची काडी ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला मोठेपणा कळतो. पानाची वरची बाजू दाखवली तशी खालचीही दाखवा. एका व्हिडिओत एकच गोष्ट. तीन ते पाच मिनिटे पुरे. मागे गाणे लावू नका.

सुरुवातीलाच काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, आणि येथेच बहुतेक जण आळस करतात. आजची तारीख, सालासह. गाव आणि तालुका. जमीन भारी, मध्यम की हलकी. ओलित की कोरडवाहू. वाण कोणता, पेरून किती दिवस झाले. पाऊस केव्हा पडला. हे नसेल तर तो व्हिडिओ कितीही सुंदर असो, तो पाहून कोणी खर्च करू नये. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज कालचा म्हणून फिरतो, आणि माणसे भर पावसाच्या खंडात युरिया टाकतात.

दुसरी गोष्ट, तुलना. जे केले त्याशेजारी जे केले नाही तेही दाखवा. दोन तासे न फवारता, न खुडता सोडा आणि दोन्ही एकाच चौकटीत आणा. पंधरा दिवसांनी त्याच खुंटाशी उभे राहून पुन्हा टिपा. वेचणी झाल्यावर वजनकाटा दाखवा. बी, औषध, मजुरी यांचा खर्चही सांगा, कारण क्विंटल वाढले आणि खिसा रिकामाच राहिला असे अनेकदा घडते. फसले असेल तर तेही टिपून ठेवा. फसलेल्या प्रयोगाचे व्हिडिओ जवळजवळ मिळतच नाहीत, आणि कास्तकाराला सर्वांत जास्त गरज त्यांचीच असते.

तिसरी गोष्ट जिवाची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट. तुमच्या व्हिडिओत माणूस उघड्या अंगाने, अनवाणी, वाऱ्याच्या तोंडावर फवारताना दिसला तर तुम्ही तोंडाने काहीही सांगा, पाहणारा तेच शिकणार. हातमोजे, तोंडाला पट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत बूट आणि वाऱ्याकडे पाठ असेल तरच फवारणी टिपा. डब्यावरचा त्रिकोण जवळून दाखवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करून ‘कॉकटेल’ म्हणून दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ पुढे पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात विष नेऊन ठेवणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे पाठवण्याआधी

विकणाऱ्याचा व्हिडिओ आणि सांगणाऱ्याचा व्हिडिओ यांत फरक करायला शिका. बाटलीचे नाव तीनदा येते आणि तिच्या आतल्या घटकाचे नाव एकदाही येत नाही, शेवटी फोन नंबर येतो, तर ती जाहिरात समजा. जाहिरात करणे गुन्हा नाही, पण ती जाहिरात म्हणून पाहावी. बिलाशिवाय मिळणाऱ्या बियाण्याची तारीफ करणारा व्हिडिओ आला तर एवढेच विचारा: उगवले नाही तर मी कोणाकडे जाऊ?

व्हॉट्सॲपने २०१८ पासून आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. खोट्या निरोपांनी माणसांचे बळी गेले होते. शेतीचा निरोप तसा जीव घेत नसला तरी हंगाम घेतो. शंका आली तर तो व्हिडिओ घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. अमरावती जिल्ह्यात घातखेडला आणि दुर्गापूरला केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आपला स्वतःचा व्हिडिओसुद्धा पहिल्यांदा सर्वत्र सोडण्याआधी तेथल्या एखाद्या तज्ज्ञाला दाखवलात तर मात्रेतली चूक तेथेच निघेल.

कोणाचे वावर, कोणाची बाई-माणसे, कोणाची लेकरे टिपताना आधी विचारा. सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक चुकूनही चौकटीत येऊ देऊ नका.

आता त्या १९५६ च्या श्रोते मंडळाकडे या. व्हिडिओ गटावर टाकला आणि शंभर जणांनी अंगठा दाखवला, यात काही शिकणे झाले नाही. महिन्यातून दोनदा, समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर, दहा-पंधरा घरची माणसे बसवा. बचत गटाच्या बैठकीला जोडून घेतले तर बायकाही मोकळेपणी बसतील. मोबाईल घरच्या टीव्हीला जोडता येतो, ते काम शाळकरी पोरांना सांगा. मधे थांबवा. “भाऊ, तुमच्या वावरात असं दिसते का?” असे एकेकाला विचारा. ज्याचा व्हिडिओ आहे तो समोर असला तर उत्तम, त्याला नीट उलटेसुलटे विचारून घ्या. एक वही ठेवा. कोणी करून पाहायचे ठरवले ते लिहा, आणि पुढच्या बैठकीत प्रथम तेच वाचा.

साठवणीचे मात्र कोणी पाहत नाही. मोबाईल भरला की पोरे सरसकट पुसून टाकतात, आणि मागच्या वर्षीची डोमकळी या वर्षी दाखवायला उरत नाही. शंभर-दोनशे व्हिडिओ मावतील असे एक कार्ड गटाच्या नावाने विकत घ्या, आणि प्रत्येक व्हिडिओला पीक, गाव, तारीख असे नाव द्या: ‘तूर-शेंडा खुडणी-दर्यापूर-१० ऑगस्ट’. कार्डाची दुसरी प्रत शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर ठेवा. पाच हंगामांनंतर तीच फीत काढून पाहिली तर पाऊस केव्हा आला, कीड केव्हा आली, कोणते वाण टिकले, हे सारे आपल्याच शिवाराचे, आपल्याच माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकता येईल.